नकारानंतरचे मत

मतदान न करणे ही कृती नैतिक की अनैतिक, या प्रश्नाला काळनिरपेक्ष उत्तर नाही, हे पोलंडच्या अनुभवावरून ध्यानात येते. १९८५ साली तेथे संसदेची निवडणूक झाली, तेव्हा तिचा निकाल आधीच ठरलेला होता. बंदी घातलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेने बहिष्काराची हाक दिली. शासनाने सुमारे ७९ टक्के मतदान जाहीर केले. अशा व्यवस्थेत मत देणे म्हणजे मान तुकविणे आणि घरी राहणे म्हणजे सत्याशी इमान राखणे, असे समीकरण दृढ झाले.

या समीकरणामागील विचार चेक नाटककार वाक्लाव हावेल यांनी १९७८ मध्येच, ‘सत्ताहीनांची सत्ता’ या निबंधात मांडला होता. त्यातील भाजीविक्रेता कामगारांच्या एकजुटीचा फलक दुकानात लावतो, तो विचार पटला म्हणून नव्हे, तर त्रास नको म्हणून. ज्या दिवशी तो फलक उतरवितो, त्या दिवशी त्याचे सत्यातील जगणे सुरू होते. परंतु फलक उतरविल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेचे काय करावयाचे?

जून १९८९ च्या अंशतः मुक्त निवडणुकीत सॉलिडॅरिटीने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या. पुढे १९९१ मध्ये पूर्णतः मुक्त अशी पहिली संसदीय निवडणूक झाली. तीत मात्र केवळ ४३ टक्के मतदान झाले आणि कनिष्ठ सभागृहात २९ याद्यांचे प्रतिनिधी पोचले. १९९३ मध्ये पक्षांना पाच टक्के मतांची अट लागू होताच सुमारे एक तृतीयांश मते प्रतिनिधित्वावाचून राहिली. तुकड्यांत विभागलेला उजवा गट बहुतांशी सभागृहाबाहेर पडला आणि जुन्या साम्यवाद्यांचे वारसदार सत्तेवर आले. आर्थिक हालअपेष्टा हे याचे एक कारण खरेच. तथापि तडजोडीला असत्य मानण्याची, प्रतिकाराच्या काळात जडलेली वृत्तीही त्यामागे होती.

‘पक्ष’ या शब्दाचा मूळ अर्थच पंख, बाजू असा आहे. पक्ष संपूर्ण सत्याचा दावा करू शकत नाही. हुकूमशाहीला नकार देताना मनुष्य आपले अंतःकरण निर्मळ राखू शकतो. मत देताना मात्र त्याला अपुऱ्या पर्यायांतून एकाची निवड करावी लागते आणि त्या निवडीचा दोषही पत्करावा लागतो. निर्मळतेचा आग्रह धरून जो घरी राहतो, त्याच्या वाट्याचा निर्णय इतर कोणी घेतच असते.

याचा अर्थ नकाराचे मूल्य संपले असा नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलंडच्या संसदीय निवडणुकीत सुमारे ७४ टक्के मतदान झाले. त्याच दिवशी शासनाने सार्वमतही ठेवले होते. विरोधी पक्षांनी त्यात भाग न घेण्याचे आवाहन केले. सहभाग सुमारे ४१ टक्क्यांवर राहिला आणि निम्म्या मतदारांची अट पूर्ण न झाल्याने ते बंधनकारक ठरले नाही. लक्षावधी नागरिकांनी एकाच केंद्रावर एक मतपत्रिका स्वीकारली व दुसरी नाकारली. नकार आणि सहभाग ही परस्परविरोधी मूल्ये नाहीत. कोठे कोणते योग्य, याचा विवेक हेच नागरिकाचे खरे काम होय.