स्मृतिलोप आणि कर्तेपण

माणसाच्या ‘मी’पणाचा आधार स्मृती हा होय, असे पाश्चात्त्य तत्त्वविचारात दीर्घकाळ मानले गेले. काल जी व्यक्ती होती तीच आज आहे असे म्हणावयाचे, ते तिला कालचे स्मरते म्हणून, अशा आशयाची मांडणी जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस केली. भारतीय परंपरेत प्रश्नाचे स्वरूप वेगळे असले तरी भय तेच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंश हा माणसाच्या नाशाकडे जाणाऱ्या वाटेवरील एक टप्पा ठरतो, आणि त्या वाटेच्या आरंभी आसक्ती व क्रोध उभे असतात. आज वैद्यकाने ज्या अवस्थेला हे नाव दिले तिचा या दोषांशी काही संबंध नाही. तरीही शब्दाला चिकटलेली दोषाची छटा पुरती पुसली गेलेली नाही. मराठी माणूस ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतो, बंगाली माणूस ‘भीमरती’ म्हणून हसतो. या हसण्यामागे एक अवघड प्रश्न दडलेला आहे: स्मृती गेल्यावर जो उरतो तो कोण, आणि त्याच्याविषयी इतरांचे कर्तव्य कोणते?

कोलकाता शहराने हा प्रश्न आपल्या एका थोर कवीच्या रूपाने दीर्घकाळ पाहिला. १९२२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘विद्रोही’ या कवितेत ‘मी’ हे सर्वनाम पुनःपुन्हा येते; स्वत्वाचा असा उद्घोष बंगाली कवितेत त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्या कवितेचे कवी काझी नझरुल इस्लाम १९४२ च्या जुलैत आजारी पडले, आणि त्यांची वाणी व स्मृती हळूहळू लोपत गेली. १९७६ च्या ऑगस्टमध्ये ढाक्यात त्यांचे निधन झाले. मधली चौतीस वर्षे ते देहाने होते. त्यांपैकी सुमारे तीस वर्षांचा, १९७२ पर्यंतचा काळ मुख्यतः कोलकात्यात गेला.

या चौतीस वर्षांविषयी चरित्रकार जी वाक्ये लिहितात, त्यांची रचना लक्षणीय आहे. नझरुल यांना १९५२ मध्ये रांचीच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. १९५३ मध्ये लंडनला व तेथून व्हिएन्नाला पाठवण्यात आले. तेथे हान्स होफ या तज्ज्ञाकडून त्यांच्या विकाराचे ‘पिक रोग’ असे निदान करण्यात आले. १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. १९७२ मध्ये ढाक्याला नेण्यात आले. एकाही वाक्यात ते कर्ता नाहीत. ज्यांनी हे सारे केले त्यांच्या सद्भावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या उपचारांसाठी मंडळी एकत्र आली, पैसा उभा केला गेला, हे लहान काम नव्हते. परंतु आजार बरा होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर समाजाजवळ त्यांना देण्यासारखे सन्मानच उरले, आणि सन्मान हे नेहमी गतकाळातील व्यक्तीला दिले जातात. समोर बसलेल्या माणसाचा आजचा दिवस कसा जावा, या प्रश्नाला त्यात उत्तर नसते.

कर्तेपण हा केवळ व्याकरणाचा विषय नव्हे. बंगाली घरात कुटुंबप्रमुखाला ‘कर्ता’ म्हणतात. मराठीतही ‘कर्ता पुरुष’ असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे हे पद सर्वांत आधी जाते, आणि ते आजार जितके हिरावतो तितकेच प्रेमही हिरावते. आईने आता स्वयंपाकघरात येऊ नये, बाबांनी आता बाजाराची पिशवी उचलू नये, सारे आयते हातात मिळावे, ही आपली सेवेची कल्पना. वडीलधाऱ्याला बोट हलवावे लागू नये यात आपण धन्यता मानतो. ज्याला काहीच करावे लागत नाही, तो काही काळाने कोणीच राहत नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात येत नाही.

व्यवसायोपचाराचे नैतिक मोल येथे आहे. भारतात या शास्त्राचे रीतसर शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन व विवाहाने मराठी होत्या. ‘व्यवसाय’ या शब्दाचा येथील अर्थ उपजीविका नव्हे. दिवस ज्या कृतींनी भरतो त्या सर्व कृती, असा आहे. अल्झायमरच्या आजारात अलीकडील प्रसंगांची आठवण लवकर जाते. हातांना वळण पडलेल्या क्रिया तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. नातवाचे नाव न आठवणारी आजी वाती वळू शकते, शेंगा सोलू शकते, कांथ्याचा सरळ टाका घालू शकते. उपचारतज्ज्ञ ती उरलेली कृती शोधतो, तिचे टप्पे पाडतो, वस्तू डोळ्यांसमोर मांडतो, आणि घरच्यांना मदत कोठे थांबवावी हे शिकवतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात घरी राहणाऱ्या १३५ रुग्णांचा व त्यांच्या काळजीवाहकांचा समावेश होता. पाच आठवड्यांतील दहा भेटींनंतर रुग्णांचे दैनंदिन वागणे सुधारले आणि काळजीवाहकांनाही आपण हे पेलू शकतो असा विश्वास वाटू लागला. आजार बरा झाला नाही. दिवस मात्र पुन्हा त्या माणसाचा झाला.

याची किंमत कोणी मोजावयाची, हा खरा पेच आहे. आजीला साडी नेसवणे पाच मिनिटांचे काम. तिला ती नेसू देणे अर्ध्या तासाचे. तो अर्धा तास सुनेच्या वा लेकीच्या आयुष्यातून येतो, किंवा दक्षिण चोवीस परगण्यातून पहाटेच्या लोकलने कोलकात्यात येणाऱ्या आयाच्या पाळीतून. मुले परदेशी असलेल्या कितीतरी घरांत बारा तासांच्या पाळीने येणारी ही आया हाच वृद्धाचा एकमेव सहवास असतो. धीर धरण्याचे वेतन तिला कोणी देत नाही. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्याच घरांत दुसरी एक व्यक्ती स्वतःचे कर्तेपण रोज थोडे थोडे गमावीत असते. एकाचे माणूसपण राखण्यासाठी दुसऱ्याचे खर्ची घालणे हा न्याय म्हणता येत नाही. म्हणून काळजीवाहकाच्या विश्रांतीची, शिक्षणाची व वेतनाची तरतूद ही दया नसून त्याच कर्तव्याचा उत्तरार्ध ठरते.

नझरुल यांच्या पत्नी प्रमिला त्यांच्या आजारापूर्वीच पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या होत्या. तशा अवस्थेतही त्या पतीला आपल्या हाताने भरवीत असत, असे आवर्जून सांगितले जाते. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांची स्वतःचीच शुश्रूषा इतरांनी करावी, त्या येथे कर्त्या होत्या. आणि त्या कृतीने त्यांचे माणूसपणही राखले असणार. आदर्श म्हणून या दृश्याला नमस्कार करणे सोपे आहे. परंतु एका पांगळ्या स्त्रीच्या हातावर समाजाने आपले कर्तव्य सोपवले होते, ही गोष्ट त्या नमस्काराने झाकली जाऊ नये. स्मृती गेलेल्याला आपले कर्तव्य स्मरत नाही, आणि त्याला त्याचा दोष लागत नाही. ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांना ही सवलत नाही.