विराटनगरीच्या दाराशी

दसऱ्याच्या दिवशी शमीची पूजा करून आपण सीमोल्लंघनास जातो आणि घरी येऊन आपट्याची पाने वाटतो. शमीला हा मान कशासाठी, हे देवळातल्या पुराणात लहानपणीच कानांवर पडलेले असते. अज्ञातवासाचे वर्ष सुरू होताना पांडवांनी आपली आयुधे त्या झाडावर बांधून ठेवली आणि निःशस्त्र होऊन ते विराटाच्या नगरीत शिरले. पुढची कीचकाची आणि गोग्रहणाची कथा कीर्तनकार रंगवून सांगतात; परंतु आयुधे ठेवल्यानंतर आणि चाकरी मिळण्यापूर्वी या सहा जणांवर जो अवघड प्रसंग आला, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्याने उभे आयुष्य शस्त्र चालविले, त्याने शस्त्राचे नावही न काढता, आपणास आणखी काय येते ते परक्या दाराशी उभे राहून सांगावयाचे, हा तो प्रसंग होय. बेळगावच्या आसपास राहणाऱ्या माणसास तो पुराणातला वाटत नाही.

मराठा पलटणीचे केंद्र १९२२ सालापासून बेळगावात आहे, आणि पलटणीची परंपरा त्याच्याही मागे, १७६८ सालापर्यंत जाते. खानापूर, चंदगड, आजरा, गडहिंग्लज या टापूत एक मुलगा शेतीवर आणि एक पलटणीत, अशी वाटणी कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. साताऱ्याकडील अपशिंगे या गावची ४६ माणसे पहिल्या महायुद्धात पडली. त्या गावाचे नावच पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ असे रूढ झाले. जे पडले त्यांची नावे दगडावर कोरली जातात. जे परत येतात त्यांचे काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे. आपल्या देशात दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक सेवेतून मोकळे होतात आणि त्यांतील बहुतेक ३५ ते ४५ या वयाचे असतात. इतर खात्यांत ज्या वयात माणूस बढतीची वाट पाहतो, त्या वयात सैनिकाचा निरोपसमारंभ होतो. फौज तरुण राहिली पाहिजे हे खरेच. त्या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु नियम ज्यांच्या हितासाठी केला ते आपण सारे आहोत, आणि त्याची किंमत मात्र एका माणसाने व त्याच्या घराने भरावयाची, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटू नये. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या मुलुखात गेले ते फौजेबरोबर; कोणी तलवारीने, कोणी फडावरच्या लेखणीने. आणि शस्त्र धरणाऱ्याला ‘आता तुझे काम नाही’ असे सांगणे किती नाजूक असते, हे आमच्या भागाने एकदा पाहिले आहे. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात सामानगड आणि भुदरगड येथील गडकरी उठले. गडाची राखण ही त्यांची वंशपरंपरेची चाकरी आणि त्या चाकरीपोटी त्यांच्याकडे जमिनी. नव्या कारभाराने या व्यवस्थेत हात घातला आणि बंड पेटले. ते सावंतवाडीपर्यंत गेले, आणि मोडल्यावर त्यातल्या काहींनी गोव्याच्या हद्दीचा आसरा घेतला. राज्य मिळवावे ही त्या गडकऱ्यांची आकांक्षा नव्हती. उद्या आपण कोण, हा त्यांचा प्रश्न होता. आजचा माजी सैनिक बंड करीत नाही. तो निमूटपणे अर्ज करतो.

तो अर्ज कसा असतो ते पाहण्यासारखे आहे. एखाद्या कंपनीचा क्वार्टर मास्टर हवालदार घ्या. सुमारे सव्वाशे माणसांचे रेशन, कपडालत्ता, तंबू, भांडीकुंडी, जळण या सर्वांची नोंद त्याच्या वहीत असते. तपासणीच्या दिवशी एक कांबळे कमी भरले तरी त्यास जाब द्यावा लागतो. बर्फात वाट बंद होणार म्हणून महिनोन्‌महिन्यांचा साठा आधी वर चढवावयाचा, तो नासू द्यावयाचा नाही आणि पुरवून वापरावयाचा, हे त्याने केलेले असते. व्यापारी पेढीत या कामास मोठे नाव आणि मोठा पगार आहे. पण हवालदाराच्या डिस्चार्ज बुकात त्याच्या हुद्द्याची चार अक्षरे असतात. ती अक्षरे वाचता येणारा माणूस नोकरी देणाऱ्याच्या खुर्चीवर नसतो. मग त्याच्याकडे पाहून एकच गोष्ट सुचते: उंच आहे, ताठ उभा राहतो, बंदूक धरता येते, बँकेच्या नाहीतर सोसायटीच्या दारावर ठेवावा. सिग्नलच्या जवानाचे तेच, मोटारदुरुस्तीवाल्याचे तेच, आणि गोळी लागलेल्या माणसाचा रक्तस्राव रात्रीच्या अंधारात थांबविलेल्या नर्सिंग असिस्टंटचेही पुष्कळदा तेच. पांडवांचा अज्ञातवास पणाचा होता. त्यांनी आपली ओळख मुद्दाम लपविली. या माणसाने काहीच लपविलेले नाही. सारे कागदावर आहे. तरी तो अज्ञातवासात आहे.

येथे कोणी म्हणेल, त्याला निवृत्तिवेतन आहे. आणखी काय पाहिजे? निवृत्तिवेतन हा झालेल्या सेवेचा हिशेब आहे, उपकार नव्हे. आणि ज्याची मुले अजून शाळेत आहेत त्याच्या घरास तो हिशेब पुरतो असेही नाही. पण समजा पुरला. अडतिसाव्या वर्षी धडधाकट माणसाने पुढची वीस वर्षे पारावर बसून काढावी काय? सरकारने तरतुदी केल्या नाहीत असे नाही. केंद्राच्या क वर्गाच्या पदांत माजी सैनिकांस १० टक्के, महाराष्ट्रात १५ टक्के आरक्षण आहे. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकास काही अटींवर पदवीधरासमान मानावे असाही नियम आहे. परंतु ‘मानावे’ असे लिहिल्याने मानणारा निर्माण होत नाही. जागा राहते, अर्ज येतात आणि ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा पडतो.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक आहे, म्हणून अधिक जपून घेतला पाहिजे. कोणतेही काम हलके नसते. दारावरचा पहारा हेही कर्तव्यच. गीतेने फळाची आसक्ती सोडावयास सांगितले आहे. हे सर्व खरे. पण ज्याला दारावर उभे राहावयाचे नाही, तोच हे दारावरच्या माणसास ऐकवितो, तेव्हा त्या तत्त्वज्ञानाविषयी आम्हांस शंका येते. काम हलके आहे ही आमची तक्रारच नव्हे. एका माणसाच्या अंगी वीस वर्षांत जे आले, ते न पाहताच टाकून दिले जाते, ही आहे. दान नाकारणे वेगळे आणि दिलेले दान उकिरड्यावर फेकणे वेगळे.

या बाबतीत विराट राजा आपल्यापेक्षा बरा म्हणावा लागेल. तो काही मोठा राजा नव्हता. मेहुण्यापुढे त्याचे चालत नसे. तरी दारी आलेल्या प्रत्येकास त्याने विचारले, तुला काय येते? बल्लवास पाहून तो म्हणालाच, की तू आचारी दिसत नाहीस. उमेदवाराच्या अंगी कागदापेक्षा अधिक काही आहे, एवढे त्यास दिसले. आणि त्या सर्वांनी दाखला दिला तो पूर्वी युधिष्ठिराच्या पदरी असल्याचा. म्हणजे शिफारसपत्र तेव्हाही लागत होतेच. पुढे याच विराटाचे चुकले ते कोठे? गायी सोडवून आणल्याचे श्रेय नृत्यशिक्षक बृहन्नडेला असेल असे कंक म्हणाला, तेव्हा राजाने संतापून फासे त्याच्या तोंडावर मारले आणि त्याच्या नाकातून रक्त आले. नाच शिकविणारा युद्ध जिंकू शकतो हे ऐकूनच घ्यावयाचे नव्हते. एकदा माणसास एका कामाच्या खुंटीला अडकविले की त्याची दुसरी योग्यता कोणी नुसती सांगितली तरी राग येतो. हा राग आम्ही पुष्कळ कचेऱ्यांत पाहिला आहे.

आता दुसरी बाजू. माजी सैनिकाच्या अंगीही काही अडचणी असतात, आणि त्या त्याच्या सद्गुणांतूनच निघतात. पलटणीत हुकूम लेखी किंवा स्पष्ट असतो. कचेरीत साहेबांचा कल ओळखावा लागतो. पलटणीत ‘नाही’ म्हणणारा विरळा. बाहेर प्रत्येक जण म्हणतो, आणि त्याला समजुतीने वळवावे लागते. हुद्द्याच्या जोरावर माणसे हलविलेली असतात, अशा कोणास बाहेर एक माणूसही हलविता येत नाही. सगळेच हवालदार कुशल व्यवस्थापक असतात असे आम्ही म्हणणार नाही. संध्याकाळच्या बाटलीने बुडविलेली घरेही आम्हांस ठाऊक आहेत. परंतु सर्वांत मोठी अडचण एका शब्दाची आहे. तू काय केलेस, असे मुलाखतीत विचारले की तो सांगतो, ‘आम्ही पूल बांधला, आम्ही चौकी धरली.’ ‘मी’ म्हणावयाची त्यास लाज वाटते, कारण पलटणीत ती फुशारकी समजली जाते. समोरचा समजतो, याने स्वतः काही केले नसावे. आम्ही लेखकही ‘आम्ही’च म्हणतो, पण आमच्यामागे पलटण उभी नसते आणि आम्हांला कोणी नोकरी नाकारीत नाही.

सैरंध्रीविषयी लिहावयाचे राहिले, आणि तिचाच भाग अधिक कठीण आहे. पाची पती निदान आपापल्या आवडीचे काहीतरी मागू शकले. द्रौपदीला तिच्या पतींच्या प्रतिज्ञेमुळे चाकरी धरावी लागली. तिने उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, एवढ्या अटी घातल्या आणि वेणीफणी करीत वर्ष काढले. सैनिकाच्या पत्नीचे चालणेही दुसऱ्याच्या हुकमावर असते. क्वार्टरमध्ये राहणारी शिकलेली बाई घ्या. बी.एड. झालेली, शिकवण्याची हौस असलेली. बदली दोन-तीन वर्षांनी. मधे नवरा सीमेवर गेला की मुले घेऊन सासरी. कोठे वर्षभर, कोठे आठ महिने शिकविले, त्याचे तुकड्यातुकड्यांचे दाखले. सेवाज्येष्ठता प्रत्येक गावी शून्यापासून. राज्य बदलले की शिक्षकपात्रतेची परीक्षा निराळी, भाषेची अट निराळी. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या खिडकीवर कसा फिका पडतो, हे सीमाभागातल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. पती-पत्नी दोघेही सरकारी नोकरीत असतील तर एका ठिकाणी नेमावे असे धोरण आहे, पण ते जिला आधीच नोकरी आहे तिच्यासाठी. मुलाखतीत तिला विचारतात, ‘मध्ये इतकी वर्षे रिकामी का?’ ती वर्षे रिकामी नव्हती, हे तिने कोणत्या रकान्यात लिहावे?

गावी राहिलेल्या बाईचे निराळे. नवरा नाही म्हणून भाताची लावणी तिने उरकून घेतली, सोसायटीचे कर्ज फेडले, तलाठ्याकडे आणि तालुक्याला खेपा घातल्या, सासऱ्याचे आजारपण काढले, मुलांच्या शाळेत पालक म्हणून उभी राहिली. पंधरा-सतरा वर्षे घराची खरी कर्ती तीच. मग एक दिवस नवरा कायमचा घरी येतो, आणि वह्या, चाव्या, बँकेचे पुस्तक आपोआप त्याच्या हाती जातात. त्याचा पलटणीतला आणि तिचा घरातला, असे दोन्ही हुद्दे एकाच दिवशी संपतात. निरोपसमारंभ मात्र एकाचाच होतो. निवृत्त सैनिकाच्या घरी पहिली दोन वर्षे जी कुरबुर चालते, तिचे मूळ आम्हांस येथे दिसते. तिच्या कारभाराला किंमत आहे हे पतीने ओळखले तर निम्मे भांडण मिटते; पण ज्याची स्वतःची किंमत बाहेर कोणी ओळखलेली नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे कठीण.

आपल्या देवस्थानांत जत्रेच्या किंवा २६ जानेवारीच्या दिवशी माजी सैनिकांस शाल-श्रीफळ देण्याची प्रथा आहे. ती चांगलीच आहे. देव, ऋषी, पितर यांची ऋणे आपण मानतो. रक्षणकर्त्याचे ऋण त्यांच्या पंक्तीस बसविले तर कोणी हरकत घेणार नाही. पण ऋण फेडावयाचे तर देणेकऱ्याचे काय आपल्याकडे आले आहे, हे आधी पाहावे लागते. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात सन्मान झालेले निवृत्त सुभेदार दुसऱ्या दिवशीपासून पादत्राणांच्या खोलीशी बसू लागले. त्याच देवस्थानाच्या कोठीतील तांदळाचा आणि तेलाचा हिशेब तीन वर्षे जुळत नव्हता, आणि जत्रेत गर्दी आवरेना म्हणून बाहेरची माणसे भाड्याने आणली होती. ज्याने हजार माणसांच्या हालचालीचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने आखले, त्यास कोणी विचारले नाही. महाजनांच्या मनात अनादर मुळीच नव्हता. अनादर असता तर शाल कशाला दिली असती?

हा प्रश्न पुढे अधिक मोठा होणार आहे. २०२२च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तीत साडेसतरा ते एकवीस या वयाची मुले चार वर्षांसाठी घ्यावयाची, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांस पुढे ठेवावयाचे आणि उरलेल्यांस सुमारे ११.७१ लाख रुपये देऊन घरी पाठवावयाचे, निवृत्तिवेतनाविना, असे ठरले. पहिल्या तुकड्यांचे शिक्षण २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या आरंभी सुरू झाले. म्हणजे २०२६च्या अखेरीपासून त्यांची चार वर्षे भरू लागतात. त्यांच्याजवळ हवालदाराची वही असणार नाही, सुभेदाराचे वजन असणार नाही. वय बावीस-तेवीस, हातात थोडा पैसा, अंगी शिस्त आणि घरी लग्नाची घाई. चंदगड-खानापूरच्या एसटीतून उतरून ही मुले प्रथम गावच्या देवळात येतील, नारळ फोडतील, आणि ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी विचारील, ‘काय रे, आता पुढे काय?’ त्याऐवजी ‘तुझ्याकडे कसले काम होते?’ असे विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणारा एखादा त्या ओट्यावर असावा.