वाचलेला अर्धा तास

वाचलेले पैसे कुठे ठेवावेत, ते मला विचारा. बचत खातं, आवर्ती ठेव, मुदत ठेव, सगळे फॉर्म तोंडपाठ आहेत. गेली वीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसून दुसरं केलं काय? पण वाचलेला वेळ कुठे जमा होतो, हे काही बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. आणि त्याहून अवघड म्हणजे, तो नावे कुणाच्या पडतो? कारण एकीकडे जमा झाली की दुसरीकडे नावे टाकावंच लागतं. द्विनोंदी पद्धतीतून देवाचीसुद्धा सुटका नाही.

हे सुचायला निमित्त झालं नांदेड-लातूर रस्त्याचं. दीडशेला थोडे कमी किलोमीटर. पूर्वी आम्हांला एस.टी. हाच आधार. ती लोह्याला थांबायची, माळेगावला थांबायची आणि अहमदपूरला तर कंडक्टरचा चहा होईपर्यंत थांबायची. तेवढ्यात शेंगा, पेरू, खारे फुटाणे खिडकीतून आत यायचे. नको म्हटलं तरी यायचे. आता हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा भाग झाला आहे. तुळजापूरहून निघतो तो थेट नागपूरजवळच्या बुटीबोरीला जातो. रुंद रस्त्याचा स्वभाव रुंद माणसासारखा असतो. बोळात शिरत नाही. जमेल तिथे गाव बाहेरूनच उरकतो.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही उभयता या रस्त्यानं आमच्या गाडीतून निघालो. माझा बेत सरळ लातूर गाठायचा. हिचा बेत गावागावांतून जायचा.

"अहो, बाहेरून गेलं तर गाव लागलं असं म्हणता येतं का?" हिनं विचारलं.

"अगं, अर्धा तास वाचतो."

"वाचवून काय करणार आहात?"

याला उत्तर नव्हतं. लोह्याहून गाडी कंधारकडे वळवली.

कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला किल्ला आहे, भोवती खंदक आहे, जवळच जगत्तुंग सागर नावाचा तलाव आहे. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजेच आपलं लातूर असं अभ्यासक मानतात. म्हणजे लातूर-कंधार ही त्या मंडळींची घरचीच वाट म्हणायची. आज महामार्ग कंधारला बाजूला ठेवून लोह्यावरून निघून जातो. लातूरच्या पलीकडचं तेर घ्या. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं नोंद करून ठेवली आहे, की तगरचं, म्हणजे या तेरचं, कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं. आज तेरला माणसं जातात ती गोरोबाकाकांच्या दर्शनाला. कापड घ्यायला लातूरला येतात. तेव्हा बायपास ही काही सरकारनं काढलेली नवी गोष्ट नाही. रस्ता दोन हजार वर्षं असाच वागत आलाय. ज्याच्या दारातून जातो त्याला वाटतं, तो आपलाच आहे.

माळेगावला खंडोबाच्या यात्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे घोडे, उंट, गाढवं काही दिसली नाहीत. पुढे एका गावात चहाला थांबलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण चहावाल्याच्या उधारीच्या वहीत आमच्या शाखेचे दोन खातेदार निघाले.

"गिऱ्हाईक कसं काय?" मी विचारलं.

"कायचं गिऱ्हाईक साहेब? आता गाड्या बाहेरूनच जायल्यात. पयले एक एस.टी. लागली की चाळीस कप जायचे."

झालं! माझा अर्धा तास कुणाच्या नावे पडला, ते समोर स्टोव्हला पंप मारत होतं. मी ताबडतोब आणखी दोन चहा आणि भज्यांची एक प्लेट सांगितली. परतफेडीचा पहिला हप्ता म्हणून. हिनं माझ्याकडे पाहिलं. "भजी खाऊन कर्ज फिटतं होय? मग तुमच्या बँकेत तेलाचा घाणाच घाला!"

इतक्यात शाळेच्या गणवेशातली एक पोरगी सायकलवरून आली, इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडून आमच्यासमोर उतरली आणि चहावाल्याकडून बिस्किटाचा पुडा घेऊन तशीच निघून गेली.

"माझी धाकटी," तो म्हणाला. "पयले मी धंदा टाकून हिला रस्ता पार करून द्यायचो. ट्रकाला ट्रक लागलेला असायचा. आता एकलीच जायलीय साळंला."

"मग बरं झालं की वाईट झालं?" मी विचारलं.

त्यानं कप विसळले. "धंदा बसला, हे खरं हाय," म्हणाला, आणि दूध बघायला आत गेला.

मी मनातल्या मनात खातं जुळवून पाहिलं. चाळीस कप एका बाजूला, पोरगी दुसऱ्या बाजूला, मध्ये माझा अर्धा तास. बेरीज लागेना. आमच्याकडे ताळेबंद जुळला नाही की ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि सगळे घरी जातात. तिथे ती वर्षानुवर्षं पडून राहते. साहेब बदलतात, रक्कम तिथेच. मी ही कल्पना हिला सांगितली.

"तुम्हाला निदान टाकायला खातं तरी आहे," ही म्हणाली. "त्याला रोज दुकान उघडायचंय."

लातुरात शिरल्यावर हिनं गाडी थेट गंजगोलाईकडे घ्यायला लावली. १९१७ सालची ही गोल बाजारपेठ. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी अशी आखली, की सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात. कुठे सोनार, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. गर्दीत हॉर्न वाजवून उपयोग नव्हता, कारण पुढच्यालाही तो ऐकू येत होता आणि त्याच्याही पुढे कुणीतरी होतंच. ही मिरची बघायला उतरली. "पाचच मिनिटं हं," म्हणाली.

मी इंजिन बंद केलं.