वादळाची वाट पाहावी काय?

वादळ टळावे म्हणून हात जोडणारी माणसे आपण सर्वत्र पाहतो. परंतु वादळ गाठता यावे म्हणून महिनोन्‌महिने आधी रजा मागून, विमानाचे तिकीट काढून निघणारी माणसेही जगात आहेत. अमेरिकेच्या मध्यभागी, टेक्सासपासून उत्तरेस कॅनडापर्यंत पसरलेल्या प्रेअरीच्या मैदानात दर उन्हाळ्यात दूरदूरचे छायाचित्रकार येतात, ते केवळ ढगांसाठी. या निरुपद्रवी वाटणाऱ्या छंदात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याचाच विचार आम्ही येथे करू इच्छितो.

या प्रवासाचे यश वेळ साधण्यावर अवलंबून असते. मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण, दमट वारे उत्तरेकडे येतात. पश्चिमेच्या उंच पठारांवरून कोरडी हवा उतरते. आणि त्यांच्यावरून अतिउंचीवरचे वेगवान वारे वाहत असतात. या साऱ्यांची गाठ पडते तेथे स्वतःभोवती फिरणारे प्रचंड मेघ उभे राहतात. उन्हाळा चढतो तसे हे वेगवान वारे उत्तरेकडे सरकतात. म्हणून मेच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत ओक्लाहोमा व कान्सास, पुढे जूनमध्ये नेब्रास्का व दोन्ही डाकोटा, आणि जुलैत कॅनडातील सस्कॅचवान, असा हा क्रम आहे. नॉर्मन येथील वादळ-अंदाज केंद्र 8 दिवस पुढचा अंदाज देते; तथापि जाणकार एका दिवसावर विसंबत नाही, दहा-बारा दिवस हाताशी ठेवतो. ढग बहुधा दुपार कलल्यावर उभे राहतात व पूर्वेकडे सरकतात. मग मावळतीची किरणे त्यांच्यावर पडतात आणि सारे आकाश उजळून निघते.

परंतु हेच दिवस कान्सासच्या शेतकऱ्याच्याही परीक्षेचे असतात. शरदात पेरलेला त्याचा गहू मे महिन्यात दाण्यात भरतो आणि जूनमध्ये कापणीस येतो. गारांचा दहा मिनिटांचा मारा वर्षाची मेहनत मातीत मिळवू शकतो. 23 जुलै 2010 रोजी दक्षिण डाकोटातील व्हिव्हियन येथे पडलेली एक गार सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाची व 880 ग्रॅम वजनाची होती. 4 मे 2007 च्या रात्री टॉर्नेडोने कान्सासमधील ग्रीन्सबर्ग हे गाव जवळजवळ सारेच जमीनदोस्त केले. एकाची पर्वणी ती दुसऱ्याचा घात, असा हा योग आहे.

‘आमच्या इच्छेने ढग येत नाहीत,’ हे उत्तर खरे आहे, परंतु पुरेसे नाही. सदसद्विवेक केवळ परिणामांचा हिशेब मागत नाही. अंतःकरण कशावर जडले आहे हेही तो विचारतो. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’ ग्रंथात असाच प्रश्न केला आहे: जे दुःख स्वतः भोगावयास कोणी तयार नसतो, ते नाट्यगृहात पाहून मनुष्य सुखावतो कसा? तेथील दुःख निदान कल्पित होते. येथे गहू खरा आहे, घराचे छप्परही खरे आहे.

तरीही वादळाचे सौंदर्य पाहणे हे पाप आहे असे आम्हास वाटत नाही. तोच मेघ प्रेअरीला उन्हाळ्यातील पाऊस देतो. शेतकरीही त्याच्याकडेच डोळे लावून बसलेला असतो. दोघांत भेद इतकाच, की एक मोटारीत बसून उद्या दुसऱ्या राज्यात जाईल आणि दुसऱ्याला तेथेच राहावयाचे आहे. म्हणून जो पाहून निघून जाणार, तो राहणाऱ्याचा ऋणी असतो. रस्ता अडवू नये, दिसलेला धोका हवामान खात्यास तत्काळ कळवावा, आणि घर कोसळले असेल तेथे कॅमेरा खाली ठेवून हात पुढे करावा, ही त्या ऋणाची फेड आहे. दूरचित्रवाणीवर परक्या गावाचा पूर पाहत बसणारे आपणही या ऋणातून मुक्त नाही.

वाट पाहणे आणि इच्छिणे यांतील सीमारेषा सूक्ष्म आहे. पण ती ओळखण्याची एक कसोटी आहे. एखाद्या संध्याकाळी अंदाज चुकतो, उभा राहिलेला मेघ विरून जातो आणि गहू शेतात तसाच डोलत राहतो. शेकडो मैलांची दौड वाया गेलेल्या त्या क्षणी ज्याच्या तोंडून मनापासून ‘बरे झाले’ असे निघेल, त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा खुशाल वादळाची वाट पाहावी.