अपराध कोणाचा, अंधत्व कोणाला

उज्जयिनीच्या भैरवगढात, क्षिप्रेच्या काठी, जो काळभैरव मद्याचा नैवेद्य स्वीकारतो आणि ज्याच्या चरणी पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी ठेविली असे परंपरा सांगते, त्याला लोक त्या नगरीचा कोतवाल, म्हणजे गुन्ह्याचा छडा लावून गुन्हेगारास शासन करणारा अंमलदार, मानतात. आणि म्हणूनच दृष्टी मंदावलेला मनुष्य अशा देवापुढे उभा राहतो, तेव्हा औषधाच्याही आधी त्याच्या मनात हा प्रश्न उठतो की, माझ्या हातून असा कोणता अपराध घडला? हा प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही. कर्मफलाचा सिद्धांत ज्या समाजाच्या हाडीमांसी खिळला आहे, तेथे तो विचारला जाणारच. परंतु ज्याला शिक्षा होते तोच कसूरवार असतो, हे जे गृहीत त्या प्रश्नाच्या पोटात दडलेले आहे, ते शरीराचा कारभार बारकाईने पाहिला असता टिकत नाही.

मधुमेहात उणीव असते इन्शुलिनच्या कार्यात. परंतु वर्षानुवर्षे साखर चढलेल्या रक्तामुळे नेत्रपटलावरील केशतुल्य वाहिन्या दुर्बल होतात, पाझरतात, बुजतात, आणि पुढे तेथे फुटलेल्या ठिसूळ नव्या वाहिन्यांतून रक्तस्राव होऊन डोळा निकामी होतो. कुष्ठरोगात पापणी मिटविणारा मज्जातंतू लुळा पडला की उघड्या राहिलेल्या बुबुळावर व्रण होतात. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, मेंदूतील गाठ, या सर्वांच्या खुणा अखेर नेत्रातच उमटतात. नेत्राने स्वतः काहीच केलेले नसते. सुश्रुताने उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग गणले, त्यांपैकी बाह्य कारणांचे केवळ 2. उरलेले 74 वात, पित्त, कफ, रक्त किंवा या सर्वांच्या प्रकोपातून उद्भवणारे. 1851 साली हेल्महोल्ट्झने नेत्रांतर्दर्शक यंत्र सिद्ध केले आणि जिवंत मनुष्याच्या रक्तवाहिन्या शस्त्र न लावता पाहण्याची सोय झाली, तेव्हा त्या प्राचीन वैद्याची दृष्टी किती दूरवर पोहोचली होती याचा विचार करून मन आदराने भरून येते.

महाभारतातील अंबिका व्यासांचे उग्र रूप सहन न होऊन नेत्र मिटते, आणि अंधत्व येते ते तिच्या उदरातील धृतराष्ट्राला. 1941 साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले की, गर्भारपणाच्या आरंभी जर्मन गोवर झालेल्या मातांची बालके मोतीबिंदू घेऊन जन्मास येऊ शकतात. ज्वर मातेला, आणि काळोख बालकाला! यांत मातेचा तरी अपराध कोणता?

याला कर्मवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे: अपराध पूर्वजन्मीचा. ते उत्तर कोणीही खोडू शकत नाही आणि कोणीही सिद्ध करू शकत नाही. पण त्यामुळे पीडिताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, हे मला अधर्म्य वाटते. खुद्द भैरवाची कथा काय सांगते? ब्रह्मदेवाच्या अहंकारावर कोपले शिव, त्या कोपातून प्रकटलेल्या भैरवाने आज्ञेप्रमाणे पाचवे मस्तक छेदिले, आणि ब्रह्महत्या जडली ती भैरवाच्या हाताला. ते कपाल घेऊन त्याला काशीपर्यंत भिक्षाटन करीत हिंडावे लागले. कोप एकाचा आणि भार दुसऱ्याच्या हाती, हा अनुभव ज्या देवाने स्वतः भोगला, तो दृष्टिहीनाकडून पापाचा कबुलीजबाब मागत असेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा भैरवगढास जाणाऱ्या भाविकाने दर्शन अवश्य घ्यावे, श्रद्धेने घ्यावे. परंतु मधुमेह असेल तर दृष्टी स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पडद्याची हानी आरंभी काहीच तक्रार न करता होत असते. वर्षातून एकदा बाहुली विस्फारून नेत्रपटलाची तपासणी करून घ्यावी, आणि घरात कोणाची दृष्टी गेली असेल तर त्याच्या पापाची चौकशी न करता त्याला विनाविलंब नेत्रवैद्याकडे न्यावे.