शेजाऱ्याच्या नावाने दाखला ऐकू नका

काल तुम्ही घेतलेले नमुना पाठ मी शेवटपर्यंत ऐकले. मध्ये एकालाही अडवलं नाही. आज बोलणार आहे, आणि कुणाला वाईट वाटलं तरी बोलणार आहे. संडे स्कूल चालवायला निघालेल्या माणसांनी प्रभूचे दाखले इतक्या हलगर्जीपणाने हाताळावेत, हे मला चालणार नाही.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या. पडद्यावर चार जमिनींची रंगीत चित्रं लावलीत आणि मुलांना विचारलंत, तुमच्या ओळखीचं काटेरी जमिनीसारखं कोण आहे? मुलं पटापट नावं सांगू लागली. दारू पिणारा काका झाला, उपासनेला न येणारी शेजारीण झाली. तुम्ही ‘शाब्बास’ म्हणालात. त्या शाब्बासकीने मुलांच्या मनात काय रुजलं, याचा विचार केलात का? वचन कानावर पडलं की ते उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं, हे रुजलं. आठ वर्षांच्या पोराला तुम्ही परुशी करून घरी पाठवलंत.

शिबिर रिह्यात घ्यायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. घोटवड्याहून रिहे खोऱ्यात शिरलं की भातखाचरं लागतात. मुळशीचा हा आंबेमोहोराचा मुलूख. इथे आधी राब भाजतात, त्यावर बी टाकतात, तरवा वर आला की चिखलणी करतात आणि मग भर पावसात कमरेतून वाकून एकेक रोप हाताने लावतात. एवढ्या जपणुकीने शेती करणाऱ्या माणसाला येशूचा पेरणारा सांगून बघा. थोडं बी वाटेवर पडलं, थोडं खडकाळीत, थोडं काट्यांत. तो तुम्हाला लगेच विचारेल, एवढं बियाणं वाया घालवून हाताला काय लागलं? अगदी योग्य प्रश्न आहे. गालीलात बी मुठीने फेकायची रीत होती, शेताच्या कडेने पायवाटा जात, पातळ मातीखाली खडक असे. नासाडी तिथल्या माणसांना ठाऊकच होती. म्हणून तर गोष्ट जाऊन थांबते ती पिकावर: तीसपट, साठपट, शंभरपट. एवढं बुडूनही पीक आलं! तुमच्यापैकी एकानेही पिकाचं नाव काढलं नाही. बाहेर बायका तरवा उपटत होत्या आणि तुम्ही मोबाईलवर परदेशातल्या शेतांचे फोटो शोधत बसला होतात. बांधावर जाऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलावं, असं कुणालाच वाटलं नाही.

चार जमिनींचा अर्थ मार्काच्या चौथ्या अध्यायात येशूनेच सांगितला आहे, असं तुम्ही म्हणाल. सांगितला आहे, मी नाकारत नाही. पण कुणाला सांगितला ते वाचा. गर्दी मागे राहिल्यावर आपल्या शिष्यांना सांगितला. दगड आणि काटे त्याने जवळच्या माणसांपुढे ठेवले. बाहेरच्यांवर शिक्के मारा म्हणून ते त्यांच्या हाती दिलेले नाहीत.

दाखला काम कसं करतो, ते शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात पाहा. श्रीमंताकडे कळपच्या कळप आणि गरिबाकडे एकच कोकरी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची कोकरी कापली. नाथानाने एवढंच सांगितलं. दावीद संतापला, त्याने शिक्षाही फर्मावली, आणि मगच नाथानाने बोट त्याच्याकडे वळवलं. लूकच्या सातव्या अध्यायात शिमोन परुश्याचं तसंच होतं. पाचशे दिनारांचा ऋणको आणि पन्नास दिनारांचा ऋणको. निकाल शिमोन स्वतः देतो आणि त्याच निकालात सापडतो. ऐकणाऱ्याने निकाल द्यायचा आणि तो त्याच्यावरच उलटायचा, ही या गोष्टींची रचना आहे. ती मोडून तुम्ही चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात कोडी सोडवत बसता: तेल म्हणजे काय, द्राक्षारस म्हणजे काय, उतारशाळा म्हणजे काय. ही खोड जुनी आहे. ऑगस्टीनसारख्या थोर माणसानेही उतारशाळा म्हणजे मंडळी, असा अर्थ लावला होता. पण अशा अर्थांमागे लपून आपण रस्त्यावरच्या जखमी माणसापासून सुटका करून घेतो.

त्या शोमरोनीबद्दलच बोलू. शास्त्र्याने विचारलं, माझा शेजारी कोण? येशूने प्रश्नच फिरवला: जखमीचा शेजारी कोण झाला? उत्तर देताना शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघाला नाही, दया करणारा तो, एवढंच तो म्हणाला. काल हा पाठ घेताना तुम्ही म्हातारीला रस्ता ओलांडायला मदत करणाऱ्या मुलाचं चित्र काढलंत. इतका पांगळा केलात हा दाखला! आपल्या मंडळ्यांमध्ये सोयरीक जमवताना ‘मूळचे कोणते?’ हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो की नाही? एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतलेल्या दोन घरांचं लग्न त्या प्रश्नावर मोडतं की नाही? तिथे हा दाखला सांगा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सोवळं सोडायला तयार नव्हत्या. जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांना स्वतःच्या मनाशी झगडून उमगलं, आणि मग कुणाच्याही हातचं खायला त्या बिचकल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका शोधून आणल्या आणि केडगावला ठेवल्या. शोमरोनी त्यांनी असा वाचला होता. मुलांना ही माणसं सांगायची सोडून तुम्ही कुठल्या तरी पुस्तकातली परक्या शहरातली गोष्ट का सांगता?

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा पाठ तर तुम्ही ‘देव उदार आहे’ या एका वाक्यात गुंडाळलात. पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर दुपारनंतरही उभा असलेला माणूस कधी पाहिला आहे का? सकाळी धडधाकट गडी उचलले जातात. म्हातारा, लंगडा, नवखा मागे राहतो. पाच वाजता मळ्यात गेलेले हे लोक आळशी नव्हते, त्यांना कुणी नेलंच नव्हतं. आणि मालकाने मजुरी वाटायला शेवटच्यापासून सुरुवात का केली? पहिल्यांना आधी दिली असती तर ते ठरलेला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते. त्यांनी बघावं म्हणूनच त्यांना थांबवलं. आपण तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. परवा बाप्तिस्मा घेतलेला माणूस कमिटीवर आला की आपलं तोंड का वाकडं होतं, हे त्या रांगेत उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

क्षमा न करणाऱ्या चाकराचं गणित तरी करायचं होतं. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. ती माफ झालेला माणूस शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. मिशनच्या जागांवरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो, त्या मंडळीत हा आकडा मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे.

आणि उधळ्या पुत्राचा पाठ तुम्ही मेजवानीपाशी संपवलात. चुकलात. ही गोष्ट पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांना सांगितली आहे. थोरला भाऊ अंगणात उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो आहे. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारे आपण, अंगणात कोण उभं आहे हे आपल्याला कळायला हवं होतं. तुम्ही त्याचं नावही घेतलं नाहीत.

सगळे पाठ पुन्हा लिहा. प्रत्येकाने आपला दाखला आधी स्वतःवर लावायचा आणि तो कुठे लागला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. ते पान मी वाचणार नाही, पण कोरं असेल तर मुलांसमोर उभं राहू देणार नाही. दुपारी तीन वाजता बसू. पडदा आणि प्रोजेक्टर गाडीत ठेवून या.