उबुंटू सर्वांत शेवटी

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००८ मध्ये आपल्या संगणकांवर उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम आणायला सुरुवात केली, हे लिनक्सचे चाहते अभिमानाने सांगतात. त्याआधीची तीन वर्षं सहसा कोणी सांगत नाही. मला तीच मोलाची वाटतात. २००५ मध्ये दलाने फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदलून ओपनऑफिस आणलं. पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड आलं. खाली विंडोज होतंच. हात नव्या मेनूंना सरावले, मग खालची सिस्टीम बदलली. तेव्हा, तिथल्या एका अधिकाऱ्याच्या सांगण्यानुसार, मोठे फरक दोनच उरले: आयकॉन आणि गेम. आणि गेम ही काही दलाची निकड नव्हती!

मेख इथेच आहे. दिवसभर आपण ऑपरेटिंग सिस्टीम वापरत नाही. पत्र लिहितो, हिशेब मांडतो, ब्राउझर उघडतो. सवय जडते ती या साधनांची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि धडधाकट पण विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या संगणकांचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी आला. घाईत लिनक्स टाकणारा माणूस सगळंच एका दिवसात बदलतो. मग वर्डची फाइल विसकटली तरी बोल लिनक्सलाच.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण याहून खोल आहे. कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. ती इंग्रजी अक्षरं असतात, वर देवनागरीचा मुखवटा. फाँट काढला की अगम्य रोमन खिचडी. असं दप्तर घेऊन कुठेही गेलात तरी त्रास ठरलेला. ते विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये आणावं आणि तिथेच इनस्क्रिप्ट शिकावं. लिनक्सवरही हाच कळफलक मिळतो, बोटांना फरक कळत नाही.

सगळ्यांनी जावंच असं नाही. ज्याचा छापखाना कोरलड्रॉ आणि पेजमेकरवर चालतो, ज्याचं दुकान टॅलीवर, त्याने खुशाल विंडोजवर राहावं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन आहे, पण जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी ते रुसलं तर समजूत घालायला वेळ नसतो.

बाकीच्यांनी आज विंडोजवरच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड घ्यावं. तिन्ही फुकट आहेत. काही महिन्यांनी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहावं. प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय चालतात का, एवढं तपासायचं. ही तिन्ही साधनं मिंटमध्ये आधीपासून असतातच, आणि थंडरबर्डमधला जुना पत्रव्यवहार त्याचा प्रोफाइल फोल्डर कॉपी करून तिकडे नेता येतो.